इंजिनाचा सायलेन्सर पुन्हा पुन्हा का तुटतो? हादऱ्यांचा ताण कमी करण्याची पद्धत

पंपाचं इंजिन असो, जनरेटरचं असो की गिरणीचं, एका जागी बसवलेल्या इंजिनाचा धुराचा पाइप तुटतो तो ठरावीक जागांवरच. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर आणणाऱ्या भागाच्या) फ्लॅंजला (बोल्टने आवळायच्या चकतीला) लागून असलेल्या वेल्डिंगच्या कडेला, पहिल्या एल्बोच्या गळ्याशी, आट्यांचा पाइप असेल तर शेवटच्या आट्यात, नाहीतर सायलेन्सरच्या डब्यात पाइप शिरतो तिथे. नवखा माणूस त्या चिरेवर वेल्डिंगचा आणखी एक थर चढवतो. काही दिवस चालतं आणि जुन्या टाक्याच्या शेजारी नवी चीर पडते. मग जाड पाइप येतो. मग सायलेन्सर पट्टीने भिंतीला आवळला जातो. या वेळी पाइप वाचतो, पण मॅनिफोल्डचा कान तुटतो किंवा स्टड मोडतो.

यात पाइपचा दोष क्वचितच असतो. सायलेन्सर नेमका कोणाच्या अंगावर आहे, हेच कोणी ठरवलेलं नसतं. तो पूर्णपणे इंजिनाच्या अंगावर असावा आणि इंजिनाबरोबरच हलावा. किंवा पूर्णपणे इमारतीच्या अंगावर असावा आणि इंजिनाशी त्याचा संबंध फक्त एका लवचीक तुकड्यापुरता असावा. इंजिन हलतं, भिंत हलत नाही. दोघांना घट्ट धरलेला पाइप दर स्फोटाला थोडासा वाकतो, आणि पोलाद असं वाकत राहिलं की शेवटी चिरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

पायरी १ : इंजिन थंड असताना पाहणी

पाना हातात घेण्याआधी नीट बघून घ्या. पाइप गार हवा, इंजिन चुकून सुरू होणार नाही अशी व्यवस्था हवी, बॅटरी सोडवलेली हवी. हातात टॉर्च आणि तारेचा ब्रश असला की पुरे.

चीर दिसण्याआधी तिची खूण दिसते. जोडाजवळ काळ्या काजळीची बारीक रेघ असेल तर तिथून धूर निसटतो आहे. गंजाची तांबूस रेघ केसासारखी बारीक असेल तर ब्रशने घासून बघा. गंज गेल्यावरही रेघ राहिली तर ती चीर आहे. इंजिन खोलीत असेल तर ही गळती तशीच ठेवून चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

पाइप पुरता तुटला असेल तर तुकडा भंगारात टाकायच्या आधी त्याचं तोंड बघा. चीर सावकाश वाढत गेली तो भाग काळपट आणि बऱ्यापैकी सपाट दिसतो. शेवटी एकदम तुटला तो भाग खरबरीत आणि उजळ असतो. सपाट भाग जिथे सुरू होतो तिथे चिरेचा जन्म. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंनी सुरुवात असेल तर पाइप वर-खाली वाकत होता. डावी-उजवीकडून असेल तर आडवा. एकाच बाजूने असेल तर हादऱ्यांखेरीज तो मुळातच ओढून-ताणून बसवलेला असण्याची शक्यता मोठी.

ओढाताण तपासायचा उपाय सोपा आहे. सायलेन्सरला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार द्या, मॅनिफोल्डकडच्या फ्लॅंजचे बोल्ट एकेक करून सोडा आणि शेवटचा बोल्ट निघताना फ्लॅंजकडे लक्ष ठेवा. दोन्ही फ्लॅंज समोरासमोर तसेच राहिले तर ठीक. एक फ्लॅंज झटक्यात बाजूला सरकला, खाली बसला किंवा तिरकस उघडला तर तेवढा ताण पाइपमध्ये इंजिन बंद असतानाही होता. पहार घालून भोकं जुळवलेल्या जोडाचं आयुष्य तिथेच निम्मं होतं, असं मी मानतो. असा जोड कापून पुन्हा जुळवा.

याच फेरीत इंजिनाच्या पायाचे बोल्ट, रबरी माउंट आणि मॅनिफोल्डचे नट तपासा. पायाच ढिला असेल तर धुराच्या पाइपवर केलेलं सगळं काम वाया जातं. इंजिन एखादा स्फोट चुकवत असेल, इंजेक्टर थेंब गाळत असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

पायरी २ : हादरा मोजा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पांढऱ्या जाड कागदावर १० सेंटिमीटर लांबीचा एक निमुळता काळा त्रिकोण काढा, ज्याचं एक टोक बिंदूवर आणि दुसरी बाजू १० मिलिमीटर रुंद. असे तीन कागद करा. एक इंजिनाच्या ब्लॉकवर, एक मॅनिफोल्डकडच्या फ्लॅंजवर, एक सायलेन्सरच्या दूरच्या टोकावर चिकटवा. हादरा वर-खाली असेल तर त्रिकोण आडवा चिकटवायचा, हादरा आडवा असेल तर उभा.

इंजिन सुरू झालं की त्रिकोणाचा बारीक टोकाकडचा भाग राखाडी, धुरकट दिसतो आणि पुढे एका जागी गडद काळा भाग सुरू होतो. टोकापासून जितके सेंटिमीटर राखाडी, तितके मिलिमीटर तो भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलतो आहे. तीन सेंटिमीटर राखाडी म्हणजे ३ मिलिमीटर. हे वाचन पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत घ्या, कारण पाइप तापला की कागद करपतो; दिसू लागलं की लगेच इंजिन बंद करून कागद काढा. वाचताना फ्लायव्हील आणि पट्ट्यापासून लांब उभे राहा, सैल कपडे घालू नका.

आकड्यापेक्षा आकड्यांचं गुणोत्तर जास्त सांगतं. ब्लॉक १ मिलिमीटर आणि सायलेन्सरही साधारण तेवढाच हलत असेल तर पाइप इंजिनाबरोबर प्रवास करतो आहे, वाकत नाही. ब्लॉक १ आणि सायलेन्सर ४ असेल तर पाइप हादरा वाढवतो आहे, आणि तो वाढीव भाग पाइपच्या मुळाशी वाकण्यातून येतो. चीर तिथेच पडणार.

आता इंजिनाचा वेग हळूहळू वाढवत बघा. एका विशिष्ट वेगाला सायलेन्सर एकदम जोरात थरथरला आणि पुढे शांत झाला तर तिथे त्याची स्वतःची कंपनगती (एक धक्का देऊन सोडला की तो सेकंदाला जितक्या वेळा हलतो, ती) इंजिनाच्या ठोक्यांशी जुळली आहे. वेग बदलता येत नसेल तर बंद करतानाचे शेवटचे काही सेकंद बघा: वेग उतरताना मध्येच एक मोठा झटका-थरथर आली तर जुळणीची जागा कामाच्या वेगाच्या खाली आहे. रबरी माउंटवरचं इंजिन स्वतःही असं एकदा थरथरतं, म्हणून नजर ब्लॉकवर आणि सायलेन्सरवर एकाच वेळी हवी.

ठोक्यांचा हिशेब असा. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एक सिलिंडर, मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५ फेरे आणि १२.५ स्फोट. ६५० फेऱ्यांचं संथ इंजिन असेल तर सेकंदाला सुमारे ११ फेरे आणि साडेपाच स्फोट. चार सिलिंडरचं १५०० फेऱ्यांचं इंजिन सेकंदाला ५० ठोके देतं. एका सिलिंडरच्या इंजिनात स्फोटांचा आणि फेऱ्यांचा असे दोन्ही आकडे टाळायचे असतात, शिवाय त्यांच्या पटीही असतात. म्हणूनच अशा इंजिनाचे सायलेन्सर जास्त तुटतात.

आता एक उदाहरण. ४० मिलिमीटर बोअरचा, ३.२ मिलिमीटर भिंतीचा पोलादी पाइप घ्या आणि त्याच्या टोकाला ६ किलोचा सायलेन्सर लावा. सायलेन्सरच्या वजनाचा मध्य फ्लॅंजपासून १.२ मीटर लांब असेल तर या जोडीची स्वतःची कंपनगती सेकंदाला साधारण १२ येते. १५०० फेऱ्यांच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोट १२.५. याहून वाईट जुळणी शोधून सापडणार नाही. तोच सायलेन्सर फ्लॅंजपासून ४० सेंटिमीटरवर आणला तर कंपनगती ६० च्या वर जाते. हे आकडे पाइपचं मूळ पूर्ण घट्ट धरलेलं आहे असं मानून काढलेले आहेत. प्रत्यक्षात फ्लॅंज आणि मॅनिफोल्ड थोडे लवतात, त्यामुळे गती याहून खाली येते. तरी धडा पक्का आहे. पाइपचा ताठपणा लांबीच्या घनावर ठरतो. लांबी निम्मी केली की ताठपणा आठपट होतो. भिंत जाड केल्याने एवढा फायदा कधीच मिळत नाही, उलट वजन वाढतं.

पायरी ३ : सायलेन्सर कोणाच्या अंगावर, ते ठरवा

*इंजिनाच्या अंगावर.* इंजिन छोटं असेल, सायलेन्सर हलका असेल आणि धूर मोकळ्यावर जात असेल तर मी हाच मार्ग घेईन. सायलेन्सर शक्य तितका जवळ आणा. मग त्याला ब्लॉकपासून निघणारा एक ब्रॅकेट द्या, म्हणजे वजन मॅनिफोल्डच्या स्टडांवर पडणार नाही. ब्रॅकेट ब्लॉकच्या भरीव भागाला, बेलहाउसिंगला (फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाला) किंवा इंजिनाच्या पक्क्या बैठकीला धरा. रॉकर कव्हर, इंधनाची टाकी, पंख्याचं कव्हर हे पत्र्याचे भाग स्वतःच थरथरतात; त्यांना ब्रॅकेट लावू नका. रबरी माउंटवरच्या इंजिनाला ब्रॅकेटचं दुसरं टोक खालच्या फ्रेमला तर अजिबात नको, कारण फ्रेम इंजिनाबरोबर हलत नाही. तेही भिंतीला बांधण्यासारखंच.

या ब्रॅकेटमध्ये एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे पाइपची वाढ. साधं पोलाद १०० अंश तापलं की मीटरमागे सव्वा मिलिमीटर वाढतं. ४० सेंटिमीटरचा पाइप ३५० अंशांनी तापला तर पावणेदोन मिलिमीटर लांब होतो, आणि ब्लॉक मात्र शंभराच्या आसपासच राहतो. ब्रॅकेट चारही बाजूंनी गच्च असेल तर हे पावणेदोन मिलिमीटर फ्लॅंजच्या वेल्डिंगवर निघतात. म्हणून भोक गोल न ठेवता पाइपच्या दिशेने लांबट करा, किंवा ब्रॅकेट चपट्या पट्टीचा असा करा की पाइपच्या दिशेने पट्टी लवेल आणि आडव्या दिशेने ताठ राहील. मला पट्टी जास्त आवडते. लांबट भोकात बोल्ट एक तर गच्च आवळला जातो किंवा खडखडतो. पट्टीला तशी निवड करावी लागत नाही.

*इमारतीच्या अंगावर.* सायलेन्सर जड असेल किंवा धूर छपराबाहेर न्यायचा असेल तर दुसरा मार्ग नाही. इथे सगळं वजन भिंतीवर, छतावर किंवा वेगळ्या स्टॅंडवर, आणि इंजिनाच्या तोंडाशी स्टेनलेस स्टीलचा बेलोज, म्हणजे पातळ पत्र्याची घड्याघड्यांची लवचीक नळी.

बेलोजबद्दल सविस्तर सांगतो, कारण चांगला बेलोज चुकीच्या बसवणीने आठवड्यात फाटू शकतो.

तो इंजिनाच्या जितका जवळ तितका चांगला. मधला ताठ तुकडा जेवढा लांब, तेवढं त्याचं वजन मॅनिफोल्डवर लोंबतं. बेलोजच्या पलीकडे लगेच पहिला पक्का आधार हवा. बेलोजला वजन पेलता येत नाही, तो खाली झुकलेला दिसला तर आधार चुकलेला आहे.

तो पिळला जाऊ नये. बेलोज लांबीत दबतो, ताणला जातो, आडवा सरकतो, पण पीळ त्याला सहन होत नाही. दोन्ही टोकांचे फ्लॅंज घट्ट असतील आणि भोकं जुळत नसतील तर माणूस तो फिरवून बोल्ट घालतो, आणि तो पीळ कायमचा आत राहतो. एका टोकाला सैल फिरणारा फ्लॅंज असलेला बेलोज घ्या. हा प्रश्न मुळातच मिटतो. बाहेरून तारेची जाळी असलेली फ्लेक्सिबल नळी ही वेगळी वस्तू आहे. तिला आडवा हादरा चालतो, लांबीतला दाब-ताण चालत नाही. म्हणून ती शक्यतो क्रॅंकशाफ्टला समांतर बसवतात, म्हणजे इंजिनाचं डोलणं तिच्यावर आडवं पडतं.

बेलोजच्या आत पत्र्याची नळी असेल तर बाहेर बाण असतो. बाण धुराच्या दिशेने. प्रवासात बेलोज दबू नये म्हणून लावलेल्या सळ्या किंवा पट्ट्या बसवणी झाल्यावर काढायच्या. त्या तशाच राहिल्या तर बेलोज म्हणजे ताठ पाइपच. शेजारी वेल्डिंग करायचं असेल तर बेलोज ओल्या जाड कापडाने झाका. एका ठिणगीचा डाग पातळ घडीवर पडला की चीर तिथून सुरू होते.

बेलोजच्या पुढची ओळ किती वाढणार हे आधी मोजा. ३ मीटर पोलादी पाइप ३५० अंशांनी तापला की सुमारे १३ मिलिमीटर वाढतो. ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील त्याहून दीडपटीच्या आसपास. ही वाढ कुठे जाणार ते तुम्ही ठरवा, पाइपवर सोडू नका. एक जागा पूर्ण पक्की धरा, बाकीचे आधार पाइपला लांबीत सरकू देणारे पण बाजूला न जाऊ देणारे ठेवा. पक्की जागा बेलोजला लागून ठेवली तर वाढ बाहेरच्या बाजूला जाते आणि बेलोजला फक्त इंजिनाचे हादरे उरतात. भिंतीतून पाइप जातो तिथे सिमेंटने भोक बुजवू नका. मोठी बाही घाला आणि मधली फट खनिज लोकरीने भरा. जुन्या जागी लॅगिंग (पाइपभोवतीचं उष्णता अडवणारं वेष्टण) किंवा गॅस्केट काढायची वेळ आली तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा सुकं खरवडू नका.

भिंत पातळ असेल तर आधारात स्प्रिंग घाला, नाहीतर उरलासुरला हादरा सगळ्या खोलीत घुमतो. गरम पाइपला थेट रबर लावू नका. रबर आधाराच्या थंड टोकाला.

पायरी ४ : जोड, वेल्डिंग, आटे, नट

जुनी चीर बुजवायची असेल तर ती पूर्ण खोदून काढा. ग्राइंडरने चिरेचा तळ दिसेनासा होईपर्यंत खोबण करा, दोन्ही टोकांच्या थोडं पुढेपर्यंत, आणि मग पूर्ण खोलीचा टाका घाला. नुसता वरून थर दिला की आतली चीर जिवंत राहते. टाक्याची कडा पाइपमध्ये हळुवार मिसळेल अशी घासा; कडेची पायरी राहिली तर पुढची चीर तिथून. बळकटीसाठी त्रिकोणी पट्ट्या ठोकायची सवय आहे, पण पट्टीचं टोक संपतं तिथे सगळा ताण एका बिंदूवर येतो. त्यापेक्षा गोल कडांची बाही पाइपवर चढवा. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचं असेल तर त्याला वेल्डिंगच्या भानगडीत न पडता नवीन घालणं बरं.

आट्यांचे जोड इंजिनाजवळ नकोतच. ४० मिलिमीटरच्या पाइपला पाडलेले आटे सुमारे दीड मिलिमीटर खोल असतात, म्हणजे ३.२ मिलिमीटर भिंतीतली जवळजवळ अर्धी जाडी गेली, आणि उरलेल्या जाडीवर धारदार खाच. मॅनिफोल्डला आटेच असतील तर तिथे भरीव, छोटा तुकडा लावून पुढे लगेच फ्लॅंज करा.

गॅल्व्हनाइज्ड पाइप मॅनिफोल्डजवळ वापरू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि असा पाइप वेल्ड करताना निघणारा धूर अंगात ताप भरवतो. साधे स्प्रिंग वॉशर तापले की मऊ पडतात. त्याऐवजी पूर्ण धातूचे लॉकनट वापरा. नायलॉनचे नट इथे वितळतील. नट समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

पायरी ५ : चालवून बघणं

पहिल्यांदा अर्धा-एक तास चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा आवळा. नवीन गॅस्केट पहिल्या तापण्यात दबतं, त्यामुळे हे चुकवता येत नाही. त्रिकोणाचे कागद पुन्हा त्याच जागी लावून आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. इंजिनाच्या अंगावरच्या सायलेन्सरचा आकडा ब्लॉकच्या जवळ यायला हवा. इमारतीच्या अंगावरच्या सायलेन्सरवर त्रिकोण टोकापर्यंत काळाच दिसायला हवा.

पाइपची वळणं, बेलोज किंवा सायलेन्सर बदलला असेल तर धुराला मागे होणारा दाबही मोजा. इंजिनाजवळच्या सरळ भागात एक छोटी नळी काढा आणि तांब्याच्या लांब तुकड्यातून पाणी भरलेल्या यू आकाराच्या पारदर्शक नळीला जोडा. पूर्ण भारावर दोन बाजूंच्या पाण्यात १०२ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ किलोपास्कल. कमाल मर्यादा इंजिनाच्या पुस्तकात दिलेली असते. तिच्या वर गेलात तर पाइप वाचेल पण व्हॉल्व्ह आणि टर्बो तापतील.

नवीन जोड दोन दिवस टिकला म्हणजे काम झालं, असं समजू नका. पोलादाच्या थकव्याचा हिशेब साधारण एक कोटी आवर्तनांवर करतात. १५०० फेऱ्यांच्या एका सिलिंडरच्या इंजिनात तासाला ४५,००० स्फोट होतात, म्हणजे एक कोटीला सुमारे २२० तास. तेवढे तास भरेपर्यंत दर काही दिवसांनी थंड इंजिनावर टॉर्च आणि ब्रश घेऊन तेच ठरावीक जोड बघत जा. २२० तासांनंतरही चीर नसेल तर मांडणी बरोबर आहे. तापलेल्या, गंजणाऱ्या पाइपला कायमची हमी मात्र नसते, म्हणून पुढे तेलबदलाच्या दिवशी ही पाहणी जोडून घ्या आणि तासांच्या वहीत प्रत्येक जोडापुढे तारीख टाका.